होडीत वाचलेलं प्रतिज्ञापत्र

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक वृद्ध वकील राहत असत. बोलणं इतकं कमी की पक्षकारांना कधी कधी वाटे, साहेबांना डुलकी लागली. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य होता. हुशार, मेहनती आणि, खरं सांगायचं तर, स्वतःच्या हुशारीवर अंमळ जास्तच खूश. त्या वर्षी तो दाव्यांचे मसुदे एआयकडून करून घेऊ लागला होता. ज्या कामाला गुरूंना दोन दिवस लागत, ते त्याचं चहा निवायच्या आत होई. यात वाईट काही नाही. आजकाल बऱ्याच ऑफिसांत हेच चालतं आणि चालायला हरकतही नाही.

एके सकाळी एक कोळीण आली. वय पन्नाशी उलटलेलं, पाटी दाराबाहेर ठेवलेली. तिचा नवरा सात वर्षांपूर्वी जाळ्याचा दोर आणायला म्हणून बाजारात गेला, तो परतलाच नाही. त्याची होडी तेव्हापासून वाळूत पडून होती. तिचा भाऊ ती पाण्यात घालायला तयार होता. पण होडीचे कागद तिच्या नावावर झाल्याशिवाय ते जमणार नव्हतं आणि आणखी एक पावसाळा त्या फळ्या काढतील असं दिसत नव्हतं. सात वर्षं ज्याची खबर घरच्यांना लागली नाही, तो मेला असं कायदा धरून चालतो. कोर्टाकडून तेवढं जाहीर करून घ्यायचं होतं. गुरूंनी हे काम शिष्याकडे सोपवलं. त्याचं हे पहिलंच स्वतंत्र काम होतं.

त्याने पोलिसांतली जुनी तक्रार पाहिली, रेशनकार्ड पाहिलं, बाईंना दोन-तीन तारखा विचारल्या. दुपारपर्यंत दावा आणि सोबतचं प्रतिज्ञापत्र छापून गुरूंच्या टेबलावर आलं.

"साहेब, आज सही झाली तर संध्याकाळपर्यंत ऑनलाइन दाखल करून टाकतो."

गुरूंनी कागदाला हातही लावला नाही. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला.

"होडी कुठे आहे?"

"कुठली होडी?"

"बाईंची."

आता यात होडीचा काय संबंध, हे शिष्याला कळेना. पण विचारायची सोय नव्हती. तिघं चालत किनाऱ्यावर गेले. ओहोटी लागली होती. गुरू धोतर सावरत सरळ होडीत चढले आणि आडव्या फळीवर बसले. समोर बाई बसल्या. नवी पँट सांभाळत शिष्यही बसला. होडी वाळूत पक्की रुतलेली होती; पण दूरवर पाणी लकाकत होतं आणि त्याच्याकडे बघत राहिलं की आपणच हळूहळू सरकत चाललोय असं वाटे. बाईंनी फळीवरची वाळू हाताने पुसली, जशी कोणी पाहुणा आल्यावर सतरंजी झटकावी.

"वाच," गुरू म्हणाले.

शिष्य वाचू लागला. प्रत्येक वाक्यानंतर गुरू एक बोट वर करत आणि ते खाली येईपर्यंत तो थांबे. पहिल्या ओळीला बाईंनी पदर सारखा केला. मग वारा शब्द नेत राहावा तशी वाक्यं जात राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. शिष्याला पेंग यायला लागली, आणि आपण हे पूर्वीही कधीतरी इथेच बसून वाचलंय असं उगीच वाटू लागलं.

"गेल्या सात वर्षांत मला अथवा माझ्या कुटुंबीयांस त्यांची कोणतीही खबर मिळालेली नाही."

बोट वर गेलं. खाली येईचना.

बाई पाण्याकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, येक फोन येतो."

"कुणाचा, मावशी?" शिष्याने विचारलं.

"ठाव नाय. दर नारळी पुनवेला येतो. कोन बोलत नाय. मी हॅलो बोलते, तर पलीकडं नुसता वारा वाजतो. मी पन ठेवत नाय लगेच. मंग तो नंबर मी पुसून टाकते."

"औंदाही आला?"

"आला ना."

शिष्याची पेंग कुठल्या कुठे पळाली. हातातला कागद त्याला एकदम जड वाटला. "मावशी, सकाळी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलाच नाय."

तो खजील झाला. गुरू त्याच्याकडे वळले. आवाजात राग नव्हता.

"ते वाक्य कायद्याला हवं होतं, म्हणून यंत्राने घातलं. तुझ्या वयात मीही जुन्या दाव्यातून तेच उतरवलं असतं. पण बाईंच्या तोंडचं ते नव्हतं, आणि शपथ त्यांना घ्यायची आहे. उद्या उलटतपासणीत कोणी या फोनबद्दल विचारलं, तर खोटं त्यांच्या माथी येईल. ऑफिसात वाचलं असतं तर त्या मान हलवत राहिल्या असत्या. वकिलासमोर सगळेच हलवतात. मसुदा यंत्राकडून घे, खुशाल घे. पण सही ज्याची व्हायची, त्याला प्रत्येक वाक्यापाशी थांबायला वेळ दे."

"मंग होडी?" बाईंनी विचारलं.

"उशीर होईल. फोनचं लिहिलं तर कोर्ट फोन कंपनीकडून नंबर मागवू शकतं. तुम्ही पुसलात तरी त्यांच्याकडे तो असू शकतो."

"कोन निघंल?"

"मला ठाऊक नाही. भलताच कोणी निघेल. तुमचा नवराच निघाला, तर होडी त्याचीच राहील." गुरूंनी कागदावरच्या त्या वाक्यावर बोट ठेवलं. "ते वाक्य तसंच ठेवायचं असेल, तर मात्र बाई, दुसरा वकील बघावा लागेल."

शिष्याला भीती वाटली, बाई उठून जातील. कुणीही गेलं असतं. एका सहीवर होडी सुटत होती. बाईंनी काठावरची उललेली फळी बोटांनी दाबली.

"सात वरसां झाली," त्या म्हणाल्या, "मी धड सवाशीण नाय आन धड विधवा पन नाय. लिवा. फोन येतो असा लिवा."

शिष्याने पेन काढलं. गुडघ्यावर कागद ठेवून ते वाक्य खोडलं आणि बाई सांगत गेल्या तसं लिहीत गेला, वाऱ्यासकट. मग त्याची नजर वर पहिल्या ओळीकडे गेली. तिथे 'माझे मयत पती' असं छापलेलं होतं. त्याने 'मयत' खोडलं. 'पती'पाशी पेन अडलं. आज प्रथमच त्याने लिहिण्याआधी विचारलं, "मावशी, इथं काय लिहू?"

त्यांच्या पिढीतल्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पोलिसांतही ते दिरानेच सांगितलं होतं.

"नाव लिव," बाई म्हणाल्या. "नुसता नाव. मोतीराम."

शिष्याने मोतीराम लिहिलं, आणि त्याच्या आधी 'श्री.' किंवा 'कै.', काहीही लिहिलं नाही.