डाव्या पायाची पावलं

फार पूर्वी, डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. गाव आरशासारखं लख्ख. गावकऱ्यांना त्याचा भारी अभिमान, जणू रोज सकाळी तेच कंबर मोडून रस्ते झाडत होते!

झाडत होती एक बाई. ती वेशीबाहेर राहायची. पहाटे तिचं तोंड दिसणं अशुभ, असा गावचा रिवाज होता. म्हणून तिच्या खराट्याला घुंगरू बांधलेलं. घुंगरू वाजलं की लोक दारं लावून घेत आणि ते लांब गेलं की उघडत. त्यामुळे झाडण्याआधीचा रस्ता कसा दिसतो, हे गावात कुणीच कधी पाहिलं नव्हतं.

एके वर्षी मुलखात तापाची साथ आली. शेजारची गावं ओस पडली. या गावात मात्र कुणाला साधी शिंकही आली नाही.

"आपलं पाणीच कसदार!" लोक म्हणाले.

पण भीती स्वस्थ बसू देते का? पाटलांनी पंचांना बोलावलं. पंच म्हणाले, "ती बाई सगळ्यांचा कचरा उचलते. साथ आली तर तिच्याच पायानं येईल." झालं, वेशीचा दरवाजा तिच्यासाठी बंद झाला.

बाई दाराबाहेरून एवढंच म्हणाली, "पाटील, रस्ता एक दिस बी बिनझाडता ठिवू नका. कुनी बी झाडा, पन झाडा."

दुसऱ्या दिवशी घुंगरू वाजलं नाही. लोक सवयीनं दारं लावून वाट बघत बसले. उन्हं अंगणात आली तेव्हा एकेकानं दार उघडलं आणि सगळे जागच्या जागी थिजले.

रस्त्यावरच्या धुळीत पावलं उमटली होती. सगळी अनवाणी आणि सगळी डाव्याच पायाची. वेशीतून आत येऊन ती प्रत्येक दारासमोर थांबली होती, कुणी उभं राहून आतली माणसं न्याहाळावीत तशी.

"झाडून टाका रे!" कुणीतरी ओरडलं. पण खराटा धरायचा कुणी? हा म्हणे तू धर, तो म्हणे माझ्या आज्यानं कधी धरला नाही. या मानापानात दिवस मावळला.

सकाळी पावलं पायऱ्या चढली होती. तेल्याच्या ओसरीवर ती पोचली आणि तेली तापानं फणफणला. मग सोनार, मग त्याची म्हातारी आई. म्हातारी त्याच दिवशी गेली.

त्यानंतरच्या सकाळी पाटलांच्या वाड्यातून किंकाळी आली. पावलं उंबरा ओलांडून माजघरात आली होती आणि थेट पाटलांच्या नातीच्या पाळण्यापाशी थांबली होती. पोरीचं अंग निखाऱ्यासारखं तापलं होतं. ती पापणी न हलवता पाळण्याशेजारच्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

पाटील अनवाणीच वेशीकडे धावले आणि त्यांनी स्वतः अडसर काढला. बाई समोरच बसली होती, मांडीवर खराटा घेऊन.

"चल बाई, माझी नात जातेय!"

"रस्ता झाडते. पन घरात कशी येऊ? माझा खराटा उंबऱ्याआत न्यायचा न्हाई, ह्यो तुमचाच रिवाज हाय."

"जळो तो रिवाज! हात जोडतो. तुमचं नाव काय?"

"ठकू," ती म्हणाली. असं कुणी विचारून फार वर्षं झाली होती.

ठकूबाई आत आली. पाळण्यापासून तिनं झाडायला सुरुवात केली. पाऊल पुसलं की घरात गार हवेची झुळूक येई आणि कुणीतरी चिडून मागं सरकल्यासारखं वाटे. माजघर झालं, ओसरी झाली, अंगण झालं. पोरगी रडली आणि दूध मागू लागली. मग तिनं तेल्या-सोनाराची घरं आणि सगळा रस्ता झाडला; दारादारातून लोक बघत होते. त्या दिवशी एकही दार बंद नव्हतं.

पाटील तिच्या मागोमाग वेशीपर्यंत आले. वेशीबाहेर बघतात तो काय, पावलं पुढं गेलेली, थेट तिच्या झोपडीत. जुनी, नवी, एकावर एक पडलेली, मोजता न येणारी.

"ही कधीची?"

"रोजचीच. तुमच्या दारातनं हुसकली की माझ्या दारात येत्यात. गाव झाडून हुईस्तवर मला माझं अंगन झाडाया वेळच न्हाई ऱ्हात."

पाटलांनी चाचरत विचारलं, "घरात कोण कोण असतं?"

"आता कुनी न्हाई."

पाटलांना भडभडून आलं. त्यांनी तिच्या हातातला खराटा घेतला, त्याचं घुंगरू तोडून फेकलं आणि ते वाकून तिचं अंगण झाडायला लागले. झाडताना मध्येच त्यांच्या मानेला कुणाचा तरी श्वास लागला. ते थांबले नाहीत.

तेव्हापासून त्या गावात दिवसाचा पहिला खराटा ठकूबाईच्या अंगणात फिरतो. घराघराची पाळी ठरलेली आहे, पाटलांचीही. पावलं अजून येतात म्हणे, पण वेशीवरूनच परत फिरतात.

तात्पर्य: आपल्या दारातलं मरण जो रोज झाडून नेतो, त्याच्या दारात ते मुक्कामाला जात नाही ना, हे आपण जाऊन पाहावं, आणि जाताना हातात खराटा असावा.