रुईचा डबा आणि लाकडी पाचर

आमच्या शहराच्या मालधक्क्याचा सगळा इतिहास मला तोंडपाठ आहे. म्हणजे ही एकच गोष्ट येते, आणि तीही तिथल्या एका बकरीनं सांगितलेली.

तेव्हा तिथं नुकतेच रूळ पडले होते. इंजिन डब्याला मागून ढकलून सोडून द्यायचं. डबा उतारावरून एकटाच घरंगळत यायचा आणि चाकाखाली लाकडी पाचर शिरली की थांबायचा.

एके दिवशी रुईच्या गाठींनी भरलेला नवा डबा असाच निघाला. मागं इंजिन दिसेना, तसा तो पुढाऱ्यासारखा फुगला. पाचरीला म्हणाला, “हट बाजूला, ए ढलपे! मी आपल्या जोरावर चालतोय.” पाचर मुकाट बाजूला झाली.

पुढं कौलांनी भरलेला म्हातारा डबा उभा होता. “अरे लेकरा, थांब! माझी कौलं फुटतील!” तो ओरडला. नव्यालाही आता थांबायचं होतं, पण थांबता येईना. वेग वाढतच गेला. “पाचरबाई, धावा हो!” तो किंचाळला. पाचर केव्हाच मागं राहिली होती.

धाडकन आवाज झाला आणि कौलांचा चुरा रुळांवर सांडला.

“माझा काय दोष, आजोबा?” नवा डबा रडवेला होऊन म्हणाला. “मला इंजिनानं ढकललं!”

म्हातारा म्हणाला, “आणि वेळेवर थांबला असतास, तर कुणी थांबवलं म्हणाला असतास रे?”