भिंतीआतली चारशे चितळं

लई मागं, वेत्रपुरात मणिरथ राजा गादीवर होता, तेव्हा बोधिसत्त्व चितळाच्या जन्मात होते. वय झालेलं, खोड्या मात्र पाडसाच्या.

राजा मनाचा भला. त्यानं डोंगराखालच्या रानाला भिंत घातली, वाघ बाहेर ठेवला, आत शंभर चितळं सोडली. "हजार झाली की गावजेवण घालीन," म्हणाला. चितळं चारशे झाली आणि तिथंच अडली. सात वर्षं चारशेच.

राजा रानात आला आणि त्यानं रखवालदार कुंभकाला बांधून समोर आणवलं. "दरसाल शंभर पाडसं होतात. जातात कुठं?"

"मरतात, महाराज. मीच पुरतो."

"मांस खाऊन हाडं पुरतोस, होय ना? उद्या तुझं मुंडकं उडवतो!"

कुंभक रडायला लागला. तेवढ्यात म्हातारे बोधिसत्त्व पुढं आले. "महाराज, आधी सांगा, रानातली झाडं कशी दिसतात?"

"झकास! सगळी खालून एका रेषेत कापलेली. माळी कोण रे?"

"आम्हीच की. मागच्या पायांवर उभं राहून तोंड पोचतं तिथवर पान उरलेलं नाही. मग पाडसांनी काय खावं? आयांना दूध नाही. हे रान चारशे तोंडांचं आहे. चारशेच्या वरचं प्रत्येक तोंड उन्हाळ्यात मिटतं. कुंभकानं काही खाल्लं नाही. बरगड्या बघा त्याच्या, आमच्यासारख्याच."

राजा ओशाळला. "मग गाड्या भरून चारा आणतो. तुला सोन्याची गव्हाण."

"चाऱ्यावर हजार होतील, मग एक साल चारा चुकला की ती हजार उपाशी मरतील. गव्हाण ठेवा तुमच्याकडं. भिंत पाडा."

"वेडा की काय! वाघ खाईल."

"खाईल की. तो भुकेपुरतं एक खातो. तुमची भिंत दरसाल शंभर खाते आणि ढेकरही देत नाही. मी पुढं होतो. माझं मांस असलं चिवट, की वाघाचेच दात हलतील."

राजानं कुंभकाचे दोर सोडले आणि भिंतीवर पहिला घाव स्वतः घातला. बोधिसत्त्व सगळ्यांत आधी बाहेर पडले. पाचव्या दिवशी वाघानं त्यांना गाठलं. पण कळप डोंगरभर पांगला, आणि पुढच्या उन्हाळ्यात पाडसांच्या तोंडाशी पालवी राहिली.

ही गोष्ट भिक्षूंना सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे हा उपासक सुदर्शक, ज्यानं एका गावच्या भिक्षेवर पाचशे भिक्षू बसवलेत. कुंभक म्हणजे रोज रिकामं पात्र घेऊन परतणारा हा भिक्षू वप्पिय. आणि चितळ मीच होतो."

वाघ कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. ऐकणारे मात्र एकमेकांपासून जरा सरकून बसले.

प्रज्ञापारमिता, म्हणजे शहाणपणाची परिसीमा, ती हीच: दया करावी, पण रान केवढं ते बघून.