रिकामी उडी

एका गावात दोन आवाज वेशीपर्यंत ऐकू जात. सकाळी हैबती लोहाराचा घण आणि संध्याकाळी मैदानावर त्याच हैबतीचा व्हॉलीबॉलचा फटका. सोनाराचे शंभर घाव आणि लोहाराचा एक, असं गाव कौतुकानं म्हणे. त्यानं फटका मारला की मैदानाच्या कडेला हलगी कडाडायची. हैबतीला त्या हलगीची चटकच लागली होती.

सलग दोन वर्षं गावानं पंचक्रोशीची फिरती ढाल जिंकली होती. तिसऱ्यांदा जिंकली की ती कायमची गावात राहणार होती.

पण शेराला सव्वाशेर भेटतोच. अंतिम सामन्याला घाटावरचा संघ उभा राहिला. त्या लोकांनी हैबतीचे आधीचे सामने झाडाखाली बसून निमूटपणे पाहिले होते. हैबती उडाला की त्यांचे तीन उंच गडी हात वर करून नेटपाशी उडत. चेंडू त्यांच्या हातांवर आपटून हैबतीच्याच पायाशी पडे. हैबती चिडून आणखी जोरात मारी, चेंडू आणखी जोरात परते. पहिला डाव गेला.

त्याला चेंडू उचलून देणारा सोपान म्हणाला, "आता तू नुसती उडी मार. चेंडू मी मागं भिकूला देतो."

भिकू म्हणजे संघातला बारक्या अंगाचा गडी. त्याला आजवर कुणी फारसा चेंडू दिला नव्हता.

"आन् मी हवेत हात हलवू? गाव हसंल की!"

"विळ्याला आन् नांगराच्या फाळाला तू एकच घण घालतोस का रं?"

हैबती पुन्हा नेटपाशी गेला. उड्या मारू लागला, पण नुसत्या टाचा उचलल्यासारख्या. चेंडू येणार नाही हे त्याच्या तोंडावरच दिसे. घाटावरचे तिघे खुशाल भिकूपुढे जाऊन उभे राहू लागले.

सोपान वैतागला. "अरं, खोटी उडी तरी खरी मार!"

मग मात्र हैबती खरोखर उडू लागला. ते तिघे त्याच्यामागे धावले, भिकू मोकळा सुटला आणि दुसरा डाव गावानं घेतला. हलगी आता भिकूसाठी वाजत होती. हैबतीला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगा, चांगलंच वाईट वाटलं.

तिसऱ्या डावात चौदा-तेरा झाले. एक गुण आणि ढाल गावची. चेंडू सोपानच्या हातावर आला. "हैबती! हैबती!" गाव ओरडलं. 'मला दे' हे शब्द हैबतीच्या ओठांवर आले. तेवढ्यात त्याला नेटपलीकडचे सहा डोळे दिसले. सगळे त्याच्याचवर रोखलेले. त्यानं ते शब्द गिळले आणि जन्मात घेतली नव्हती अशी उडी घेतली. सगळ्या ताकदीनिशी हात फिरवला, रिकाम्या हवेत. तिघेही त्याच्याबरोबर उडाले. मागून भिकूनं चेंडू मोकळ्या जागेत अलगद टाकला.

गावानं भिकूला खांद्यावर घेतलं. हलगी वाजत वेशीकडे गेली. हैबती नेटच्या खांबाशी एकटाच घाम पुसत बसला. तिथे घाटावरच्या संघाचा कप्तान आला.

"पैलवान, शेवटच्या दोन डावांत किती फटके मारलेत?"

"एकबी नाही."

"तरी आम्ही तिघं तुमच्यासंगंच उडत ऱ्हायलो. आमाला कुणी हरवलं, ते आमाला ठावं हाय."

हलगी लांब गेली होती. हैबतीला तिची आठवणही झाली नाही.

तात्पर्य: समोरचा बदलला की आपला डावही बदलावा, आणि त्या डावात आपल्या वाट्याला टाळ्या नसलेलं काम आलं, तरी ते जीव ओतूनच करावं.