बोंडं घोळवायची किती

खूप मागं, विचारलं की निवडुंग उत्तर द्यायचे, त्या काळातली ही गोष्ट. एका उन्हाळ्यात ओढा आटला आणि भोरी शेळीचं करडू तहानेनं रडकुंडीला आलं. माळावर दोनच निवडुंगांना लालभडक बोंडं लागली होती. एक बोटभर काट्यांचा, दुसरा अगदी गुळगुळीत.

करडू गुळगुळीताकडं धावलं. भोरीनं त्याला अडवलं. "थांब रे बाळा. विचारल्याशिवाय तोंड लावू नये." मग ती गुळगुळीताला म्हणाली, "काय हो, तुमचे काटे कुठं आहेत?"

"काटे? आणि मला?" तो हसला. "अगं, जीभ फिरवून बघ. रेशीम आहे रेशीम!"

भोरी दुसऱ्याकडं वळली. "आणि तुमचे?"

"दिसतात ते तर आहेतच," काटेरी ओशाळून म्हणाला. "पण बोंडावरच्या ठिपक्यांत बारीक कुसळंही आहेत. जिभेत गेली की आठवडाभर निघत नाहीत. आधी मातीत चांगली घोळव, बाई."

भोरीनं शिंगानं बोंडं पाडली आणि खुरांनी मातीत घोळघोळ घोळवली. करडाचं तोंड लालेलाल झालं, ते उड्या मारायला लागलं.

"माझी बोंडं याच्याहून गोड आहेत!" गुळगुळीत फुरंगटून म्हणाला.

तोवर ऊन कलतं झालं होतं. त्या तिरप्या उन्हात त्याच्या प्रत्येक ठिपक्यावर पिवळी कुसळं चमकत होती.

"असतील की गोड," भोरी म्हणाली. "पण तुमची किती घोळवायची, ते कुणाला विचारू?"