संध्याकाळपर्यंतचा परिचय

देणगीदारहो, मदत म्हणून एक सर्व्हर देता आणि सगळा प्रकल्प खिशात घातल्यासारखे वागता!

मराठी शुद्धलेखन तपासणारं मोफत सॉफ्टवेअर हेमांगी आणि तिचे सोबती मिळून लिहीत होते. त्याच्या वेगवेगळ्या प्रतींना ते शाखा म्हणत; दुसऱ्यानं तपासल्याशिवाय कुठल्याही शाखेत काही टाकायचं नाही, हा त्यांचा नियम. सर्व्हर देणारे खांबेटे साहेब तिला म्हणाले, "लोकांना दिसते त्या शाखेत माझा परिचय थेट टाक. तपासणी नवख्यांसाठी. नाहीतर सर्व्हर बंद."

नियम मोडला तर सोबती जाणार, नाही मोडला तर सर्व्हर.

"टाकते की, साहेब. पण ती शाखा प्रत्येक आवृत्तीला पुसून मुख्य शाखेवरून नव्यानं बनते. नवी आवृत्ती आज संध्याकाळी आहे, तोवर दिसाल."

"मग मुख्य शाखेत टाक."

"तिथं तपासणीशिवाय माझंही काही शिरत नाही."

शेवटी साहेबांनी परिचय तपासणीला पाठवला.

थोड्या वेळानं तपासणाऱ्या यासीननं कळवलं, "साहेब, 'मार्गदर्शक'मधला एक रफार राहिलाय."