घोडीचा हेवा

राजा वीरधवलाच्या दरबारात सगुणा चवरी ढाळायची. तिला सातवा महिना लागला होता. पाय सुजत, उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येई. तिनं रजा मागितली, तर राजा म्हणाला, "कळा सुरू झाल्या की जा. आत्तापासून कसली रजा?"

एके दिवशी राजा पागेत गेला. मागे चवरी घेऊन सगुणा होतीच. तिथं राजाची लाडकी गाभण घोडी सावलीत गूळ खात होती. सगुणा तिच्याकडे बघतच राहिली. हातातली चवरी थांबली.

"काय गं, झालं काय?" राजा खेकसला.

"हेवा वाटतो महाराज, या घोडीचा."

सोबतचे मानकरी खो खो हसले. सगुणानं विचारलं, "हिचं खोगीर कधी उतरवलंत?"

"दमायला लागली तेव्हाच."

"दमली हे कसं कळलं?"

"खोगीर दिसलं की मान फिरवायची," राजा ऐटीत म्हणाला. "मुक्या जनावराचं दुःख कळत नाही, तो राजा कसला!"

"मग चूक माझीच, महाराज. मी तोंडानं सांगितलं."

राजानं खाली मान घालून तिच्या हातातली चवरी काढून घेतली आणि तिला मेण्यातून घरी पाठवलं. तेव्हापासून त्या राज्यात रजा कधी घ्यायची, हे गरोदर बाईच ठरवू लागली.